नुकसानीचे कारण

"किस्नाथाची केळ्यांची एक फणी… तेतूरली दोन केळी कमी!"

हा आवाज भिकाजी गावकाराचा. भिकाजी जाऊन चाळीस वर्षे झाली, पण घागर कडेवर घेतली की आतले पाणी जसे मधूनच हलते, तसा तो आवाज कृष्णनाथच्या कानात अजून हलतो. आंबेखोल गावात तेव्हा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भिकाजी देवळातल्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि देवाला कोणी काय दिले ते मोठ्याने वाचायचा. वाचायचा म्हणजे, त्याला अक्षर येत नव्हते. हातात कोरा कागद धरायचा आणि मनातले म्हणायचा. एकेक नाव झाले की सगळा गाव ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" सांगितलेले खरे नसेल तर गाव गप्प बसायचा. ज्याच्या नावावर गाव एकदा गप्प बसला, त्याच्या नातवाला मुलगी देतानासुद्धा लोक विचार करायचे.

त्या वर्षी कृष्णनाथ सात वर्षांचा होता, आणि आईने देवाला पाठवलेल्या फणीतली दोन केळी त्याने वाटेत खाल्ली होती. भिकाजीने ती कधी मोजली, देव जाणे. पण गावाने मात्र अगदी मनापासून, एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हटले.

त्या दिवसापासून कृष्णनाथने दोन गोष्टी मनाशी बांधल्या. देवाची केळी वाटेत खायची नाहीत, आणि ज्याला जे मिळाले ते चारचौघांत मोठ्याने वाचलेच पाहिजे.

पुढे तो सरकारी बसवर कंडक्टर झाला आणि चौतीस वर्षे त्याने एकही माणूस फुकट बसू दिला नाही. स्वतःच्या लग्नाला जाताना वऱ्हाड त्याच्याच बसने निघाले, तर नवरदेवाने मुंडावळ्या मागे सारून मामाचे तिकीट फाडले. सासरेबुवा परत सोडायला आले, त्यांचेही फाडले. सासऱ्याचे ते तिकीट कमलाक्षीने ट्रंकेत एकेचाळीस वर्षे जपून ठेवले आहे. कशासाठी, ते तिने अजून सांगितलेले नाही. कमलाक्षीचे तसेच आहे. बाई बोलकी, पण नेमके जे विचारावे तिथे चुलीवरचे दूध आठवते.

आता हत्तीकडे वळू.

गेल्या चवथीची गोष्ट. यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो ओहोळात पोचवला, विसर्जन झाले. ज्याच्या घरी गणपती येतो त्यालाच ठाऊक, पोचवून आल्यावर घर कसे होते. देवाच्या डोक्यावर लाकडी चौकटीला फळाफुलांची माटोळी बांधलेली असते. त्यात तोरिंगण, आंबाडे, सुपारीची शिपटी, साल्दाटी केळ्यांचा घड, सगळे जागच्या जागी लोंबत असते, आणि खाली पाट रिकामा. माणूस येता-जाता त्या पाटाकडे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कृष्णनाथ नेहमीप्रमाणे बसस्टॉपजवळच्या मधुकरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसला. निवृत्त होऊन सात वर्षे झाली तरी पहिली बस वेळेवर येते की नाही ते बघितल्याशिवाय त्याला पाव गिळवत नाही. त्या दिवशी बस दोन मिनिटे लवकर आली. याचेही त्याला वाईट वाटले. लवकर येणे हाही बेशिस्तपणाच.

घरी येऊन बघतो तर परसात छत्तीस केळी आडव्या पडलेल्या, आणि ओहोळाच्या दिशेने एक मोठी राखाडी पाठ सावकाश, तृप्त, डुलत चाललेली. दोडामार्गच्या बाजूचा हत्ती डोंगर उतरून आला होता. महाराष्ट्र कुठे संपतो आणि गोवा कुठे लागतो, ते त्याला कोणी सांगितले नव्हते. मोडक्या केळींच्या मधोमध कमलाक्षी उभी, हातात पितळेचे मोठे ताट. रिकामे.

"गे! तू ताट वाजवून हाकललंस तेका?"

कमलाक्षीने ताटाकडे बघितले, नवऱ्याकडे बघितले, आणि विचारले, "तुमची चाय झाली?"

हा विनय आहे असे कृष्णनाथला वाटले. दुपारपर्यंत गावभर झाले की कंडक्टरच्या बायकोने ताट वाजवून हत्ती पळवला. संध्याकाळी दोन बायका तिच्या पाया पडून गेल्या. कमलाक्षीने त्यांनाही चहा दिला.

वनखात्याचा गौरेश पंचनाम्याला आला. सज्जन माणूस, वाघाचे ठसे असोत की वासराचे, तितक्याच आदराने मोजणारा. परसाच्या दगडी गडग्याला एक बेडे होते, म्हणजे बांबूचे तीन आडवे वासे सरकवून केलेले फाटक. ते तिन्ही वासे गडग्याला टेकवून नीट, ओळीने उभे करून ठेवलेले. गौरेश बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

"बाबा, ह्यो हत्ती शिस्तीचो दिसता."

"जसां दिसतां तसां लिव," कृष्णनाथ म्हणाला. "एक अक्षर कमी नको, एक जास्त नको."

गौरेशने लिहिले: 'हत्तीने बेडे काढून बाजूला ठेवले व आत प्रवेश केला. नुकसानीचे कारण: वन्य हत्ती.'

"आनी चाय घालू?" कमलाक्षी आतून म्हणाली. तिसऱ्यांदा.

हत्ती गेला असे वाटले होते. पण चौथ्या दिवशी तो परत आला आणि चांगला तीन आठवडे राहिला. आज या परसात, उद्या त्या कुळागराच्या बागायतीत. आमंत्रण असल्यासारखा घरोघर फिरला. आजूबाजूला एवढी गावे. इब्रामपूर आहे, हळर्ण आहे. तिथे काय केळी नाहीत? पण या स्वारीला आंबेखोलच काय ते गोड लागले. शेवटी सत्तावीस घरांचे नुकसान करून तो आल्या वाटेने गेला, आणि नोव्हेंबरात सरकारची मदत ज्याच्या त्याच्या खात्यात जमा झाली.

मदत जमा झाली आणि गावाची झोप उडाली. नुकसान झाले तेव्हा सगळे एकमेकांचे डोळे पुसत होते. आता एकमेकांची पासबुके डोळ्यांपुढे यायला लागली.

"गावात बोलतत," मधुकर एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाला, "कंडक्टराक जास्ती गावले. पणजेक वळख आसा म्हणान."

कृष्णनाथच्या हातातला ग्लास बशीवर वाजला. "कोण बोलतां?"

"मी खंय बोलतंय? बोलतत."

"माझी पणजेक वळख म्हणजे बसस्टँडावरच्या कुत्र्याची, मधू! तो बी आता मेलो!"

"म्हणान तर सांगतंय. लोकांच्या तोंडाक बेडां नसतां."

चौतीस वर्षे. एकही माणूस फुकट नाही. आणि त्या माणसाविषयी हे! कृष्णनाथ तसाच घरी आला. कमलाक्षी आडाळीवर खोबरे खवत बसली होती.

"यादी लावूक व्हयी," तो म्हणाला. "भायर. सगळ्यांक दिसात अशी. नाव, केळी किती, मदत किती, नुकसानीचे कारण. सगळां."

कमलाक्षीचा हात थांबला. "कारण कित्याक व्हयां?"

"कारणाशिवाय मदत कशी?"

"हत्ती इल्लो, गावान बघलां. तां आनी लिवूक कित्याक व्हयां?" असे म्हणून ती खोबरे खवू लागली आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणू लागली. फुगड्यांना गाणी रचणारी बाई ती. गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या तोंडी हे एकच होते:

*कोण गे इलो मागल्या दारी?*
*सुपायेवढे कान नि भूक भारी!*

"फुडें?" कृष्णनाथने विचारले.

"फुडें येना," ती म्हणाली, आणि दूध बघायला उठली. चुलीवर दूध नव्हते.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ पंचायतीत गेला. सचिव म्हणून सिद्धी नावाची हुशार मुलगी नुकतीच आलेली.

"काका, यादी लावलेली आहे," ती म्हणाली.

"खंय?"

"बोर्डार."

"बोर्ड खंय?"

सिद्धीने कोठाराची किल्ली काढली. बोर्ड मागच्या निवडणुकीच्या वेळी भिंत रंगवायला काढला होता, तो कोठारात होता. कोठारात ब्लीचिंग पावडरच्या गोण्यांमागे तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि त्यावर यादी अगदी नियमाप्रमाणे चार टाचण्यांनी लावलेली होती. यादी लावणारा सचिव तिच्या आधीचा, प्रामाणिक माणूस. लावा म्हटले, लावली.

वाळवीने मात्र अनुक्रमांक चार ते एकोणीस खाल्ले होते.

अधिकृत प्रत हवी म्हणून कृष्णनाथ पेडण्याला निघाला. खासगी बसच्या कंडक्टरने त्याला ओळखले. "बाबा, तुमी आमच्यातले, बसा." झाले! तिकीट दिल्याशिवाय बस पुढे जाऊ देणार नाही म्हणून कृष्णनाथ दारात उभा राहिला. मशीनमधला कागद संपलेला. शेवटी त्या पोराने बिडीच्या पाकिटावर 'एक माणूस, पेडणे' असे लिहून सही केली, तेव्हा बस हलली. आतल्या लोकांनी काय म्हटले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

पेडण्यात पहिल्या, शेतकी कार्यालयातला साहेब समजूतदार होता. "बाबा, केळी आमची, पण हत्ती तेंचो," असे म्हणून त्याने दुसऱ्या कार्यालयाचा रस्ता दाखवला. दुसऱ्या, वनखात्याच्या कार्यालयात म्हणाले, हत्ती आमचाच, पण त्याने खाल्ले ते केळे, तेव्हा यादी त्यांची. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्ज केला. कोर्ट फीचे तिकीट चुकीच्या कोपऱ्यात लावले म्हणून परत आला, पुन्हा केला. असा मंगळवारी-शुक्रवारी करत महिना गेला आणि दारात लिफाफा आला: 'मागितलेली माहिती सर्वांसाठी खुली असून संकेतस्थळावर उपलब्ध आहे.'

तो कागद घेऊन कृष्णनाथ सिद्धीकडे गेला. सिद्धीने मोबाईलवर दोन बोटे फिरवली आणि यादी उघडून दिली. सत्तावीसच्या सत्तावीस नावे. पहिल्या दिवसापासून अशी उघड्यावर पडून होती.

"मगे तू माका आधी कित्याक सांगूक नाय?"

"तुमी बोर्ड विचारलात, काका."

पण मोबाईलमधली यादी ही काय यादी झाली? ती एकेकट्याने, पांघरुणात तोंड घालून वाचायची. चारचौघे कुठे आहेत तिथे? कृष्णनाथने ठरवले, बोर्ड आपणच करायचा. स्वखर्चाने.

मग सल्ले सुरू झाले. मधुकर म्हणाला, पत्र्याचा करा. पाव विकणारा पोदेर सायकलवरून उतरून म्हणाला, पत्रा गंजतो, लाकडाचा करा. लाकडाला वाळवी लागते असे ज्याच्या त्याच्या तोंडी झाले, तेव्हा सगळ्यांनी मिळून पुन्हा पत्राच ठरवला. रंगवायला हळर्णचा एक मूर्तिकार मिळाला. चवथीचे गणपती करून झाले की वर्षभर त्याला काम नसते, म्हणून स्वस्त.

"वयर एक हत्ती काड," कृष्णनाथने सांगितले. "लोकांक लगेच कळात."

हीच चूक झाली. त्या माणसाने जन्मभर एकाच प्रकारचा हत्ती केलेला. त्याने सोंड डावीकडे वळवली, कपाळाला गंध लावले, एका हातात मोदक दिला, आणि मग हात चारच का नकोत म्हणून चार केले. खाली सुबक अक्षरांत सत्तावीस नावे, केळी, रक्कम आणि नुकसानीचे कारण. बसस्टॉपसमोर बोर्ड उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याला जास्वंदीचा पहिला हार पडला.

आठ दिवसांत नावे दिसेनाशी झाली. एक ते नऊ दुर्वांखाली, दहा ते वीस झेंडूंखाली. कोणीतरी पणतीला कोनाडा केला. यादी वाचायला म्हणून कृष्णनाथ फुले बाजूला करू लागला, तर एक म्हातारी म्हणाली, "देवाची फुलां काडतंस? तुझे हात झडतले!" आणि ज्या दिवशी पहिली बस बोर्डासमोर थांबली, ड्रायव्हरने उतरून नारळ फोडला आणि सहा मिनिटे उशिराने पुढे गेली, त्या दिवशी कृष्णनाथने मधुकरच्या दुकानात पाव अर्धाच खाल्ला.

"आता गावात काय बोलतत?" त्याने हळूच विचारले.

मधुकरने चहाची गाळणी झटकली. "बोलतत, कंडक्टरान आपल्या नावार फुलां घातल्यान, कोणी वाचू नये म्हणान."

कृष्णनाथ उठला. भिकाजी गावकाराचा आवाज कानात हलला. कागद नको, मोबाईल नको, पत्रा नको. देवळात उभे राहायचे आणि वाचायचे. ज्याला काही म्हणायचे असेल त्याने तिथे म्हणावे.

घरी येऊन त्याने हे सांगितले, तेव्हा कमलाक्षी तांदूळ निवडत होती. "देवाच्या म्होरल्यान?" एवढेच तिने विचारले. त्या दिवशी भातात तीन खडे निघाले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

जत्रा पौषातली. दुसऱ्या दिवशी सकाळी रवळनाथाच्या देवळात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, सगळा गाव दाटीवाटीने बसला. मोबाईलवर यादी उघडून सिद्धी आली, गौरेशही आला. खांबाला टेकून कृष्णनाथ उभा राहिला. त्याच्या हातातला कागद कोरा नव्हता.

"बा देवा, आंबेखोलच्या रखवालदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आवंदा रानातलो पावणो आमच्या बागायतीत इलो, म्हाराजा! सरकारान तेची मदत दिली, म्हाराजा! कोणाक किती नि कित्याक गावली, तां तुझ्या म्होरल्यान वाचतंय. खोटां आसात तर गावान गप रवाचां, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कित्येक वर्षांनी तो आवाज असा उठला. पारावरची कबुतरे उडाली. कृष्णनाथने पहिले नाव वाचले, स्वतःचे. केळी छत्तीस. रक्कमही वाचली, पणजीला ओळख असलेल्याची ती रक्कम नव्हती, हे सगळ्यांना ऐकू आले. "नुकसानीचे कारण," तो म्हणाला, "वन्य हत्तीने बेडे काढून बाजूला ठेवले व आत प्रवेश केला!"

"व्हय म्हाराजा!"

आता दुसरे नाव. पण कृष्णनाथ थांबला. पासष्ट माणसे कोंबलेल्या बसमध्ये डोळे मिटून तो सांगायचा की एक तिकीट राहिले आहे. तसेच काहीसे त्याला जाणवले. एक आवाज आला नव्हता. बायकांच्या बाजूचा, तिसऱ्या ओळीतला, जरा वरच्या पट्टीतला.

त्याने पुन्हा वाचले. गाव पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हणाला, पण या वेळी तिसऱ्या ओळीकडे बघत म्हणाला. कमलाक्षी मान खाली घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

त्याने तिसऱ्यांदा वाचले. आणि गाव गप्प बसला.

जन्मभर जी शांतता आपल्या नावावर येऊ नये म्हणून तो जपला होता, ती हीच. इतकी गप्प की समईची वात चुरचुरलेली ऐकू येत होती.

"गे," कृष्णनाथचा आवाज भिकाजीचा राहिला नाही, घरातला झाला. "काय आसा तां सांग."

कमलाक्षी उठली. "तेणी बेडां काढूक नाय," ती देवाकडे बघत म्हणाली. "मी काढलंय. आदल्या दिसा देव पोचयलो. घर कसां खाली खाली झालां. सकाळी मागलां दार उघडलंय, तर गडग्याभायर ह्यो उबो. बारीक डोळे करून माझ्याकडे बघता. काल पोचयलेलो आज परत इलो, तेका दारात कसो उबो करू? माटोळीचो घड ताटात घातलंय नि वाडलंय. तेणी खाल्ल्यान. मगे म्हटलां, आत ये, पोटभर खा. ताट मी वाजवूक नाय. ताटात तो जेवलो."

मग गौरेश हळूच म्हणाला, "म्हणान ते वासे सरळ होते!" आणि मधुकर पोट धरून शेजाऱ्यावर आडवा झाला. "म्हणजे कंडक्टराकडे हत्ती जेवणावळीक इल्लो!"

सगळे देऊळ हसले. कृष्णनाथ तेवढा हसला नाही. कागदाची घडी घालत तो म्हणाला, "माझी मदत मी परत करतंय. पावण्याक जेवण घातल्याचे पैसे आमी घेवचे नाय."

"काका, परत घेण्याचा फॉर्म नाही," सिद्धी म्हणाली. "मदत मागण्याचाच आहे."

"नाय तर करून घे!" तो म्हणाला, आणि असे म्हटल्यावर त्याला जरा बरे वाटले. मान ताठ झाली. गावानेही, कोणी न सांगता, "व्हय म्हाराजा!" म्हणून टाकले. आवाज असा, जशी ती दोन केळी इतक्या वर्षांनी फणीत परत आली.

"बस गे आता," कृष्णनाथ बायकोला म्हणाला, जरा मऊपणाने. "रवली ती सव्वीस नावां वाचूक व्हयी." आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्याने सभामंडपभर नजर फिरवून विचारले, "आनी कोण रवलां?"

कमलाक्षी बसली नाही.

"ती फुडली ओळ," ती म्हणाली. "तुमी विचारतास ती." आणि भरल्या देवळात, फुगडीच्या चालीवर, हळूच म्हणाली:

*घातलां पान, वाडली केळी,*
*ये म्हटलां रे पुढल्या वेळी!*

"देवाक पोचयताना म्हणतंय, तसांच म्हटलां. पुढल्या वर्साक बेगीन ये. वर्साक म्हटलंलां मी." तिने एकदा सगळ्या शेजाऱ्यांकडे बघितले आणि पदर डोक्यावरून सारखा केला. "तो चार दिसांतच परत इलो. आता ती सव्वीस नावां वाचतास मां, तेंच्या कारणात माझां नाव घाला."